घरातून किती उष्णता बाहेर जाते? हिशेबातल्या या चुका टाळा

मँचेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने हीट पंप (बाहेरची उष्णता घरात खेचून आणणारं यंत्र) घेण्याआधी झोपायच्या खोलीचा हिशेब मांडून मला पाठवला. मधल्या मजल्यावरची खोली, ४ बाय ३ मीटर, उंची २.४. एकच भिंत बाहेरची: जुनी, नऊ इंची, भरीव विटांची. आत २० अंश, बाहेर ०. त्याचं उत्तर आलं सुमारे १,१८० वॅट. मी केलं तर ६१५.

सूत्र त्याचं बरोबरच होतं: यू-व्हॅल्यू (एक अंश फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात) गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक. गडबड यू-व्हॅल्यूत होती. २२० मिलिमीटर वीट आणि १३ मिलिमीटर प्लास्टर मिळून रोध, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा (प्रत्येक थराची जाडी भागिले त्याची उष्णतावाहकता), येतो ०.३१. यू-व्हॅल्यू म्हणजे एक भागिले एकूण रोध; त्याने एकाला तेवढ्यानेच भागलं आणि ३.२४ काढले. पण भिंतीला दोन्ही बाजूंनी हवेचा पातळ, जवळपास स्थिर थर चिकटलेला असतो. आतला ०.१३, बाहेरचा ०.०४. ते धरले की रोध ०.४८ आणि यू-व्हॅल्यू २.०९. भिंत जितकी साधी, तितकी ही चूक महागात पडते. ५० मिलिमीटर चांगलं इन्सुलेशन असेल तर फारसा फरक पडत नाही. थर वाढले तर बेरीज नेहमी रोधांचीच करा, यू-व्हॅल्यूंची कधीच नाही. आणि जाडी मीटरमध्ये लिहा.

खिडकी १.६ चौरस मीटर. ती भिंतीतून वजा करायची राहिली होती, म्हणजे तेवढा भाग दोनदा मोजला गेला.

शेजाऱ्याची सामाईक भिंतही त्याने बाहेरची धरली होती. पलीकडेही २० अंशच असतील तर फरक शून्य, उष्णता जाणार कुठे? या एका भिंतीपायी साडेचारशेच्या वर वॅट फुकट वाढले.

उलट, जी खरोखर निसटते ती हवा मात्र कागदावर नव्हतीच! तासाला एकदा खोलीतली हवा बदलते असं धरलं, तर ०.३३ (एक घनमीटर हवा एक अंश तापवायला लागणारे वॅट-तास) गुणिले २८.८ घनमीटर गुणिले २०, म्हणजे १९० वॅट. खिडकीच्या जुन्या डबल ग्लेझिंगमधून (दुहेरी काचेतून) जाते त्याच्या दुप्पट.

हा ६१५ चा आकडा हीटर केवढा हवा ते ठरवायला. बिलाचा अंदाज हवा असेल तर पूर्ण हिवाळ्याचं सरासरी तापमान घ्या. रोज काही बाहेर शून्य नसतं.

हवा नेमकी कुठून शिरते ते बघायला मी त्याला वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती लावून खिडकीच्या चौकटीजवळून हळूहळू फिरवायला सांगितलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात धूर एकदम आडवा झाला.