रसायनाने भाजल्यानंतर वण कमी राहावा यासाठी काय करावे

कारखान्यात अंगावर आम्ल किंवा कॉस्टिक सोडा उडाल्यास पुढे वण किती खोल राहील, हे बरेचसे पहिल्या अर्ध्या तासातच ठरते. त्यामुळे डॉक्टरांची वाट न पाहता भिजलेले कपडे, बूट आणि अंगठ्या उतरवून सेफ्टी शॉवरखाली किमान 20 ते 30 मिनिटे उभे राहावे. कॉस्टिक त्वचेत मुरत जात असल्याने त्यासाठी याहून अधिक वेळ द्यावा. चुनकळीची कोरडी भुकटी मात्र आधी झटकावी. आम्लावर खाण्याचा सोडा टाकण्याची सवय अनेक प्लांटमध्ये आजही दिसते. ती सोडावी, कारण त्या क्रियेतील उष्णतेने कातडी आणखी भाजते.

फिनॉल आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल यांना साधे भाजणे समजू नये. फिनॉलने त्वचा बधिर होते, म्हणून जखम किरकोळ वाटते. पण ते रक्तात उतरून झटके येऊ शकतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल रक्तातील कॅल्शियम घटवते आणि हृदयाची लय बिघडवते, त्यामुळे धुतल्यावर लगेच कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळावे. रुग्णालयात जाताना रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एमएसडीएस, सोबत न्यावे.

जखम भरायला 3 आठवड्यांहून अधिक काळ लागला, तर जाड, उंचावलेला वण येण्याची शक्यता बरीच वाढते. अशा वेळी, जखम पूर्ण मिटल्यानंतरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिकॉनची पट्टी रोज 12 तासांहून अधिक आणि काही महिने सलग वापरावी. मोठ्या वणांसाठी मापाचे दाबकपडे, म्हणजे वणावर सतत दाब देणारे घट्ट कपडे, शिवून घेतात. सुगंधरहित मलमाने मालिश करावे आणि ऊन टाळावे, नाहीतर डाग काळवंडतो. बोटे, कोपर किंवा मान यांवरील वण आखडू लागल्यास स्प्लिंट (सांधा ताठ धरणारी आधारपट्टी) आणि व्यायाम त्याच आठवड्यात सुरू करावेत. वण मऊ आणि स्थिर व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, पण आखडलेला सांधा तितके थांबत नाही.

अपघाताची नोंद त्याच दिवशी कंपनीच्या अपघात नोंदवहीत करून घ्यावी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असल्यास तिथेही कळवावे आणि वणांची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात चेहऱ्याचे अतिशय गंभीर विद्रूपीकरण 100 टक्के कमाईक्षमता गमावण्यासमान धरले होते; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसेच आहे. हे बहुतेक कामगारांना कोणी सांगत नाही.