लाइव्ह डिस्कवरून पार्टिशन दुरुस्त करताना या चुका टाळा

संगणक सुरू करावा आणि विंडोज की लिनक्स असे विचारणाऱ्या नेहमीच्या यादीऐवजी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उमटावीत, हा प्रसंग ड्युअल बूट, म्हणजे एकाच संगणकावर दोन प्रणाली, वापरणाऱ्या अनेकांवर कधी ना कधी येतो. मूळ बिघाड अनेकदा किरकोळ असतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाव नसलेले, ड्राइव्हचे अक्षर नसलेले एखादे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) बिनकामाचे समजून कोणीतरी पुसलेले असते, आणि ती यादी दाखवणाऱ्या ग्रब या लिनक्सच्या बूट लोडरला लागणाऱ्या फाइली नेमक्या त्यातच असतात. पार्टिशन पुसले म्हणजे केवळ पार्टिशनची यादी असलेल्या टेबलातली त्याची नोंद जाते. आतला डेटा त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागेवरच असतो. तो खरोखर हरवतो तो बहुधा त्यानंतर लाइव्ह डिस्क, म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा सीडीवरून चालणारी लिनक्स प्रणाली, लावून घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत.

आधी केवळ वाचावे

लाइव्ह प्रणाली मेमरीतून चालते आणि आपण सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कवर सहसा काही लिहीत नाही. पार्टिशन बदलण्याच्या जीपार्टेड या प्रोग्राममध्येही आपण निवडलेले बहुतेक बदल खालच्या यादीत नुसते साठत राहतात आणि ‘अप्लाय’ दाबेपर्यंत प्रत्यक्षात घडत नाहीत. ही सवलत वापरावी. पार्टिशन टेबलाची नोंद एसएफडिस्क या आज्ञेने मजकूर फाइलमध्ये उतरवून ती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवायला एक मिनिटही लागत नाही. लाइव्ह प्रणालीच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल संगणक बंद करताच नाहीशी होते, हेही ध्यानात असावे.

डिस्क ओळखताना लिनक्सने तिला दिलेल्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नये. घरच्या लिनक्समध्ये जी डिस्क एसडीए असते ती लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर एसडीबी होऊ शकते. माझ्या हातून एकदा याच गोंधळात बॅकअपच्या डिस्कवर नवे पार्टिशन टेबल तयार झाले होते, आणि दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असल्यामुळे ते अर्ध्या तासाने लक्षात आले. तेव्हापासून आकाराबरोबर मॉडेल व अनुक्रमांकही पाहिल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही, आणि न लागणाऱ्या डिस्कच्या वायरी सरळ काढून ठेवतो.

सगळी डिस्क ‘अनअलोकेटेड’ दिसते तेव्हा

या विषयातली सर्वांत फसवी स्थिती ही आहे. जीपार्टेड उघडावे आणि सहा-सात रंगीत पट्ट्यांऐवजी डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच राखाडी पट्टा दिसावा. सगळे गेले असे वाटते, आणि जवळच असलेला ‘नवे पार्टिशन टेबल तयार करा’ हा पर्याय खुणावू लागतो. तो निवडू नये. कधी कधी याच डिस्कवरून विंडोज आणि लिनक्स दोन्ही व्यवस्थित सुरू होत असतात. जीपार्टेडला टेबलात विसंगती आढळली, म्हणजे दोन पार्टिशनच्या हद्दी एकमेकींत शिरल्या किंवा एखादे पार्टिशन डिस्कच्या टोकाबाहेर गेले, तर ते संपूर्ण डिस्कच मोकळी दाखवते.

अशा वेळी टर्मिनलमध्ये एफडिस्क या आज्ञेला यादी विचारावी आणि प्रत्येक पार्टिशनचा आरंभीचा व शेवटचा सेक्टर (डिस्कचा ठरावीक लहान कप्पा) कागदावर उतरवावा. समजा, दुसरे पार्टिशन २०९७१७२४७ या सेक्टरवर संपते, पण तिसरे २०९७१५२०० वर सुरू होते, तर २०४८ सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरच्या हिशेबाने १ एमआयबी एवढी जागा दोघांच्याही नावावर लागलेली आहे. दुरुस्ती त्या एका आकड्याची असते, डिस्कची नव्हे. एसएफडिस्कने उतरवलेल्या फाइलची एक प्रत जशीच्या तशी ठेवून दुसऱ्या प्रतीत दुसऱ्या पार्टिशनचा आकार तेवढाच कमी करून ती परत लिहिता येते. मात्र आतली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, त्या नव्या आकारात मावते याची खात्री आधी करावी लागते, कारण ती मावत नसेल तर आपण तिचे शेपूटच कापत असतो.

टेबलच खराब झाले असेल तर ते नव्या जीपीटी की जुन्या एमबीआर प्रकारचे आहे यावर पुढचे ठरते. जीपीटी टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते आणि तिच्यावरून जीडिस्क ही आज्ञा पहिली प्रत पुन्हा तयार करू शकते. एमबीआरमध्ये चार मुख्य पार्टिशनच्या नोंदी पहिल्या सेक्टरमधल्या ६४ बाइटमध्ये असतात आणि त्यांची जोडप्रत नसते. तेथे टेस्टडिस्क कामी येते. ती हरवलेली पार्टिशन शोधून दाखवते, पण तिने दाखवलेले प्रत्येक पार्टिशन खरे असतेच असे नाही. पूर्वी कधी तरी काढून टाकलेल्यांचे अवशेषही यादीत येतात. म्हणून प्रत्येकावर ‘पी’ दाबून आतल्या फाइली दिसतात का ते पाहावे आणि मगच टेबल लिहावे.

झोपलेले विंडोज

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. त्याचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवरील एका फाइलमध्ये साठवला जातो. त्या अवस्थेत लाइव्ह डिस्कवरून विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनमध्ये लिहिले किंवा त्याचा आकार बदलला, तर विंडोज जागे झाल्यावर आपल्या जुन्या आठवणीनुसार लिहू लागते आणि फाइल सिस्टिम बिघडते. म्हणूनच अशा पार्टिशनला लिनक्स लिहिण्यासाठी माउंट करायला (जोडायला) नकार देते. हा नकार म्हणजे बिघाड समजून जबरदस्तीचे पर्याय वापरणारे बरेच आढळतात. ‘रीस्टार्ट’ निवडल्यास विंडोज पूर्ण बंद होऊनच पुन्हा सुरू होते, त्यामुळे लाइव्ह डिस्ककडे जाण्याचा तोच सरळ मार्ग आहे.

एनटीएफएसमधील दोष काढायचे काम विंडोजच्या चेकडिस्ककडेच सोपवावे. लिनक्समधील एनटीएफएसफिक्स मोजकीच दुरुस्ती करते आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी खूण ठेवते. नावावरून वाटते तेवढी तिची झेप नाही. डिस्क कूटबद्ध करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असल्यास पार्टिशनला हात लावण्यापूर्वी ४८ अंकी रिकव्हरी की संगणकाबाहेर लिहून ठेवलेली असावी.

कुलूप, सरकवणे आणि ग्रब

जीपार्टेडमध्ये पार्टिशनपुढे कुलूप दिसले तर ते वापरात आहे. बऱ्याच लाइव्ह प्रणाली डिस्कवरचे स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायचे पार्टिशन) आपणहून वापरू लागतात, आणि ते एक्स्टेंडेड, म्हणजे इतर पार्टिशन पोटात घेणाऱ्या, पार्टिशनच्या आत असेल तर बाहेरचे पार्टिशनही अडून राहते. उजव्या क्लिकवर ‘स्वॅपऑफ’ मिळते. पार्टिशनचा शेवट मागेपुढे करणे तुलनेने सोपे असते, परंतु त्याचा आरंभ सरकवायचा म्हणजे आतला डेटाही हलवावा लागतो, त्याला कित्येक तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर अर्धे जुने, अर्धे नवे अशी अवस्था होते. डिस्कमध्ये रिअलोकेटेड किंवा पेंडिंग, म्हणजे खराब होत चाललेले, सेक्टर वाढत असल्याची स्मार्ट (डिस्कच्या स्व-तपासणीची) नोंद मिळत असेल, तर हे काम करूच नये. डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी.

ग्रब पुन्हा बसवताना लाइव्ह डिस्क कोणत्या पद्धतीने बूट झाली आहे ते पाहावे. लाइव्ह प्रणालीच्या ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये ‘ईएफआय’ फोल्डर असेल तर यूईएफआय ही नवी पद्धत, नसेल तर जुनी बायॉस पद्धत. स्थापित प्रणाल्या यूईएफआयच्या आणि लाइव्ह डिस्क बायॉसमध्ये सुरू झालेली असेल, तर ग्रब बसल्याचा संदेश येऊनही यादी दिसत नाही. यूईएफआयच्या बूट फाइली ठेवणारे शंभरेक एमबीचे फॅट३२ पार्टिशन मात्र फॉरमॅट करू नये, कारण विंडोजचा बूट लोडरही त्यातच राहतो.

एखादे स्वॅप किंवा डेटा पार्टिशन फॉरमॅट करावेच लागले, तर त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलतो. जुना यूयूआयडी एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या पार्टिशनच्या यादीत, तसाच राहिला की लिनक्स सुरू होताना त्या पार्टिशनची दीड मिनिट वाट पाहत थांबते, आणि ते आवश्यक म्हणून नोंदलेले असेल तर थेट आपत्कालीन टर्मिनलवर नेऊन सोडते. लाइव्ह डिस्क काढण्यापूर्वीच ती ओळ बदलून घ्यावी.