मांडवीकाठी ऑफिसची इमारत बांधताय? या चुका टाळा

पणजीत पाटो परिसरात किंवा नदीकाठच्या जुन्या प्लॉटवर ऑफिस उभं करायचं ठरलं की पहिली मीटिंग हमखास काचेच्या दर्शनी भागावर खर्ची पडते. खरी गोची जमिनीखाली असते.

मे महिन्याच्या पाणीपातळीवर तळघर

माती परीक्षण उन्हाळ्यात उरकलं जातं. तेव्हाची भूजलपातळी डिझाइनला धरली की जुलैत भरतीच्या वेळी फसगत होते. पाणी एक मीटर वाढलं की तळाच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक टन वरच्या दिशेने दाब येतो. तीन मीटरला तीन टन. पूर्ण झालेली इमारत स्वतःच्या वजनाने तो बहुधा दाबून धरते. धोका मधल्या काळात असतो: राफ्ट (तळाचा जाड काँक्रीट स्लॅब) आणि भिंती झाल्या आहेत, वरचे मजले नाहीत, पाऊस लागलाय आणि डिझेल वाचवायला कुणीतरी पंप बंद केलाय. राफ्ट उचलला जातो, तडकतो, आणि ती गळती नंतर कोणत्याही केमिकलने नीट थांबत नाही. पीझोमीटर (भूजलपातळी मोजणारी नळी) बसवून एक पावसाळा नोंदी घ्या. किती मजले होईपर्यंत पंप चालू ठेवायचे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ड्रॉइंगवरच लिहून घ्या. आमचं मत विचाराल तर इथे तळघर नकोच, पार्किंग वर न्या.

पाइल खोल, पण ड्रेनेज पाइप ताठ

भराव आणि खालचा मऊ चिखल वर्षानुवर्षं बसत राहतो. पाइलवरची, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या काँक्रीटच्या खांबांवरची इमारत जागची हलत नाही. मग भिंतीतून बाहेर पडणारा पाइप नेमका तोंडाशी तुटतो आणि प्रवेशाची पायरी खाली जाते. तिथे लवचिक जोड द्या, पायऱ्या-रॅम्प इमारतीच्याच बीमवर टांगा. खचणारी माती पाइललाही खाली ओढते, तो भार हिशेबात धरा.

पावसाचं पाणी थेट खाडीत

मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी पाइपातून उलटं येतं. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीचं, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेचं दार भरतीला आपोआप मिटतं, तसा एकाच दिशेने उघडणारा फ्लॅप व्हॉल्व्ह पाइपाच्या तोंडाला बसवा. पण तो मिटलेला असताना छतावरचं पाणी कुठे जाणार? 1,000 चौरस मीटर छतावर तासाभरात 100 मिमी पाऊस म्हणजे एक लाख लिटर. तेवढी साठवण टाकी हवी, शिवाय पंप.

कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा

खारा वारा सळई शोधून काढतोच. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किनारी हवेत किमान एम30 दर्जाचं काँक्रीट आणि 45 मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), समुद्राचे तुषार पोचत असतील तर एम35 आणि 50 मिमी. काँक्रीट ओतण्याआधी कव्हर टेपने मोजा. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी टेकवलेला खडीचा तुकडा निसटला की कव्हर 20 मिमीवर येतं, मग गंजाचे तपकिरी ओघळ ठरलेले.

सगळीकडे एकच काच

पणजीतून मांडवी उत्तरेला दिसते, तिथे मोठी काच चालते. पाटोतून औरे खाडी आणि फोंतेन्यसची जुनी वस्ती पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन थेट टेबलावर येतं आणि नैऋत्येचा पाऊसही सांध्यांवर त्याच बाजूने आपटतो. तिथे काच कमी, बाहेरून उभे पडदे आणि खोल छज्जा द्या.

भरतीरेषा अंदाजाने

नदीच्या भिंतीपासून टेप लावून सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) ठरत नाही. मंजूर नकाशावरची रेषाच धरा. सीआरझेड-2 मध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या आधीच विकसित शहरी भागात, आधीपासूनच्या अधिकृत रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच इमारत बसते. हे आर्किटेक्टने पहिल्या स्केचआधी तपासावं.

ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि पंपांचं पॅनेल पहिल्या मजल्यावर ठेवा. पूर आल्यावर पंप हवे असतात, आणि त्यांचंच पॅनेल पाण्यात असतं.