हायफनने सुरू होणारी फाइल कशी पुसायची

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये फाइलच्या नावात स्पेस, तारका (*) किंवा डॉलर ($) असेल तर नाव एकेरी अवतरणात टाका, काम भागतं. दुहेरी अवतरणात डॉलर आणि बॅकटिकचा (`) अर्थ शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, लावतच राहतं, म्हणून एकेरीच बरं.

खरी पंचाईत ‘-जुनी’ अशा नावाची. आरएमला (rm, फाइल पुसणारी आज्ञा) ते नाव दिलं की चुकीचा पर्याय म्हणून तक्रार येते, कारण हायफनने सुरू होणारा शब्द ती पर्याय, म्हणजे आज्ञेचं वागणं बदलणारी सूचना, समजते. अवतरणं घालूनही उपयोग नाही: ती शेल काढून घेतं आणि आरएमच्या हाती तोच हायफन पडतो. त्याऐवजी असं लिहा:

आरएम ./-जुनी

आता नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून ते पर्याय वाटत नाही. नावाआधी सुटे -- लिहूनही बहुतेक आज्ञांत हेच साधतं, पण बॅश या शेलमधला एको (echo, मजकूर छापणारी आज्ञा) त्याला जुमानत नाही; सवय ./ ची लावा. सगळ्या फाइलींसाठी नुसत्या * ऐवजीही ./* लिहा, नाहीतर एखादं पर्यायासारखं दिसणारं नाव गुपचूप पर्याय बनून बसतं.

टाइपच करता येत नाही असं नाव असेल, तर एलएसला (ls, फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) आय (-i) पर्याय देऊन आयनोड क्रमांक, म्हणजे फाइलचा अंतर्गत ओळख क्रमांक, काढा. फाइंडला (find, फाइल शोधणारी आज्ञा) मॅक्सडेप्थ 1 (-maxdepth 1, फक्त याच फोल्डरात शोध) आणि आयनमसोबत (-inum) तो क्रमांक द्या. आधी एकच नाव येतंय ना ते बघा, मगच डिलीट (-delete) जोडा, तेही अगदी शेवटी. आयनमच्या आधी लिहिलंत तर क्रमांक तपासण्यापूर्वीच फाइली उडतात.