अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त

वायफाय राउटरचा अडॅप्टर गेला की आपण जुन्या वायरींची पिशवी उपसतो आणि ज्याची पिन बसेल तो लावतो. राउटर जळतो तो इथेच. परवा इंदूरला रामबागेत काकूंनी जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावायलाच घेतला होता, राउटर १२ व्होल्टचा!

१. राउटर उलटा करून लेबल वाचा. उदा. १२ व्होल्ट, १ अँपिअर. अक्षरं फार बारीक असतात. मोबाईलने फोटो काढून मोठा करा.

२. अडॅप्टरवर 'आउटपुट'ची ओळ बघा. १००-२४० हा आकडा 'इनपुट'चा, तो सोडा.

३. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतात: २ अँपिअरचा बिनधास्त लावा, राउटर लागेल तेवढाच करंट ओढतो. अर्ध्या अँपिअरचा मात्र नको. तो तापतो आणि राउटर सारखा बंद-चालू होत राहतो.

एक जपा: लेबलवरच्या पिनच्या चित्रात मधल्या ठिपक्याला अधिक आहे की उणे, ते राउटर आणि अडॅप्टर दोन्हीकडे सारखं असायला हवं. इंदूरच्या जेल रोडच्या बाजारात नवा घ्यायला जाताना जुना अडॅप्टर सोबत न्या.