सिगारेट कार्डं जमवताय? आधी कार्ड उलटून बघा

सिगारेटच्या पाकिटातून मिळणारं चित्राचं कार्ड म्हणजे सिगारेट कार्ड. माझं पहिलं मी लॅमिनेट केलं. प्लेअर्स या ब्रिटिश सिगारेट कंपनीच्या 1938च्या क्रिकेटपटूंच्या संचातलं. गरम रोलरमधून चकचकीत होऊन बाहेर आलं आणि जमवणाऱ्यांच्या दृष्टीनं तिथंच बाद झालं. आता प्लास्टिक सोलायला गेलं तर रंगही निघून येईल. हौस दांडगी, अक्कल नंतर आली.

पण त्याहून मोठी चूक बघण्यातच होते. लोक चित्रावर भाळतात, कार्ड उलटत नाहीत. मुळात हा पुठ्ठा मऊ पाकिटातल्या सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून घातलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲलन अँड गिंटर आणि ब्रिटनमध्ये विल्स या सिगारेट कंपन्यांनी त्यावर चित्रं छापली. 50चा संच पुरा व्हायचा तर गिऱ्हाइकाला परत त्याच ब्रँडकडे यावं लागे. म्हणून समोर चित्रकाराची कामगिरी आणि मागे कंपनीचं नाव, क्रमांक, चार ओळी माहिती. कार्डाची ओळख पटते ती या मागच्या बाजूवरून.

अमेरिकन टोबॅको कंपनीनं 1909 ते 1911 या काळात काढलेल्या, जमवणारे ‘टी206’ म्हणतात त्या बेसबॉल कार्डांत तर एकाच खेळाडूच्या एकाच चित्रामागे वेगवेगळ्या ब्रँडच्या जाहिराती सापडतात. जाहिरात दुर्मीळ असेल तर किंमत कैक पट. याच मालिकेतलं होनस वॅगनरचं एक कार्ड 2022मध्ये 72.5 लाख डॉलरला गेलं. त्याच्या ज्ञात अस्सल प्रतींमागे ‘स्वीट कॅपोरल’ किंवा ‘पीडमाँट’ एवढीच नावं दिसतात. कुणी तिसरंच नाव दाखवलं तर चहा प्या आणि उठा.

नक्कल ओळखायला दहापट भिंग घ्या. जुन्या शिळाछापात (आपल्या रविवर्मा प्रेसच्या तसबिरी याच तंत्रातल्या) रंगाचे ठिपके हातानं टाकलेले, वेडेवाकडे दिसतात. आजच्या छपाईत त्यांची आखीव नक्षी दिसते. पण नुसते सारखे ठिपके बघून कार्ड फेकू नका. पुढच्या काळात अस्सल कार्डंही ठिपक्यांच्या यांत्रिक जाळीनं छापली गेली. अशा वेळी नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा 1950च्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण पांढरेपणा वाढवणारी रसायनं तेव्हापासून कागदात आली.

कडा कुरतडल्यात म्हणून कात्री लावू नका. विल्स-प्लेअर्सचं नेहमीचं कार्ड साधारण 36 बाय 68 मिलिमीटरचं. माप कमी भरलं की जाणकार पुढे बोलतच नाही. अल्बममध्ये चिकटवलेलं कार्डही पाण्यात भिजवून सोडवू नका. 1930च्या दशकात कंपन्याच पेनीभर किमतीला अल्बम विकत, कार्डामागची माहिती त्यात चौकटीखाली छापलेली असे. तो अल्बम तसाच ठेवा.

आता पावसाळा. 1938च्या माझ्या कार्डांना मागून तिकिटांसारखा डिंक आहे. जुलैत थप्पी केली की एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाला चिकटते आणि ओढलं की फलंदाजाचा चेहरा गोलंदाजाच्या पाठीवर येतो. प्रत्येक कार्ड वेगळ्या पॉलिस्टरच्या खिशात ठेवा. दुकानदार पीव्हीसीचं पाकीट गळ्यात मारतो, ते वासावरून कळतं. नव्या रेनकोटसारखा वास आला तर परत करा.