डोंगल कुणाच्या खिशात?

2011 पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. आमचं सरपंचपद तसंच राखीव निघालं, म्हणून घरातून माझं नाव गेलं. नाहीतर हेच उभे राहणार होते. धाकटी तेव्हा सात महिन्यांची. निकालाच्या दिवशी हार यांच्या गळ्यात पडला आणि गाव यांनाच 'सरपंच' म्हणू लागलं. खरं सांगते, मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

महिन्याभरानं शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेतले ठराव लिहायची वही, घेऊन घरी आला. भाकऱ्या थापत होते. पिठाचे हात पुसले आणि सही केली, न वाचता. पुढच्या ग्रामसभेत वस्तीवरच्या एका मावशींनी विचारलं, "गटाराचं बिल निघालं, गटार कुठाय?" हे खाली बघत बसले. सही माझी होती ना.

नव्यानं निवडून आलेल्या बायांनो, आधी डोंगल, म्हणजे तुमची डिजिटल सही असलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा, ताब्यात घ्या. गावाच्या कामांसाठी येणारा वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक (2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी, पण आमच्याकडे अजून भाऊसाहेबच) या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाही. माझं डोंगल वर्षभर यांच्या शर्टाच्या खिशात होतं. मागितलं तर घरात आठ दिवस अबोला. नवा पासवर्ड मात्र मीच टाकला.

मासिक सभेची वेळ सरपंचानं ठरवायची असते, हेही मला उशिरा कळलं. सभा नेहमी दिवेलागणीला, नेमकी चूल पेटायच्या वेळी. मी ती दुपारी एकला आणली. तेव्हा धाकटी झोपते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिला सासूबाईंना घेऊन गेले. त्यांनी नळाच्या वेळेवरून सगळ्यांदेखत मलाच झापलं! पण तेव्हापासून मी सभेला निघाले की पाळण्याची दोरी त्यांच्याकडे.

मला दोन्ही मुलीच. 'अजून एकदा बघू' अशी कुजबुज घरात होतीच. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं, तर पद जातं. दिवस राहायचे की नाही, हे कितीशा बायकांच्या हातात असतं? म्हणून मला हा नियम अन्यायाचाच वाटतो. तरी एका रात्री जेवताना मी तोच सांगितला. सासरे थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "खुर्ची जाईल होय? मग राहू दे."